मोठ्या बाईंचा राजीनामा

आमच्या शाळेच्या दारावर, विद्या माणसाला मुक्त करते अशा अर्थाचं एक संस्कृत वचन रंगवलेलं होतं, आणि त्या दाराला दोन कुलपं होती. बाहेरच्या कुलपाची किल्ली चाऊसाकडे असे. निजामाच्या मुलखात पहाऱ्याला अरब ठेवायची पद्धत होती, त्यांना चाऊस म्हणत. आमचा चाऊस म्हातारा, दयाळू आणि बहुतेक वेळ झोपलेला असे. आतल्या कुलपाची किल्ली मोठ्या बाईंच्या कमरेला असे, आणि ती कधीच झोपत नसे. इमारत म्हणजे एका नवाबाची भाड्यानं घेतलेली देवडी, म्हणजे इकडच्या भाषेत हवेली. मर्दान्यात वर्ग भरत, जनान्यात आम्ही बोर्डिंगच्या मुली राहायचो, आणि मधल्या दिवाणखान्यात प्रार्थना, भाषणं आणि बक्षीससमारंभ होत. दिवाणखान्याच्या वर एक अरुंद सज्जा होता, त्याला दगडी जाळी. पूर्वी नवाबाच्या बेगमा त्या जाळीआडून खालची मैफल बघत. आम्हीही जे काही शिकलो ते बरंचसं तिथूनच. फरक इतकाच, की बेगमांना 'स्त्रीस्वातंत्र्य' या विषयावर निबंध लिहावा लागत नसे.

शहराला आता दुसरं नाव आहे. मी शिकत होते तेव्हा आम्ही औरंगाबाद म्हणायचो, म्हणून इथं तसंच लिहिते. माझी पणती त्याच शहरात ज्या शाळेत जाते तिला पोहण्याचा तलाव आहे आणि तिच्या नावात 'ग्लोबल' हा शब्द आहे. परवा तिथल्या समारंभाला गेले होते. भाषण ऐकून बरं वाटलं. इतक्या वर्षांत काही बदललं नाही, फक्त खुर्च्या मऊ झाल्या.

आमची संस्था खाजगी होती. खाजगी म्हणजे सरकार काही देत नसे आणि तरी सगळं विचारत असे. शहरातल्या मुली सकाळी यायच्या आणि संध्याकाळी घरी जायच्या. त्यांच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि बोलण्याला गुलमंडीच्या बातम्यांचा वास असे. आम्ही कन्नड, पैठण, वैजापूरकडच्या मुली बोर्डिंगात. आम्हाला वास असे तो कंदिलाच्या घासलेटाचा. सकाळी ज्वारीची भाकरी आणि वरण, संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि सकाळचं वरण. मोठ्या बाईंच्या हुकमावरून आमटीत गूळ पडे. घरी ठेच्यावर वाढलेल्या मुलींना ती गोड आमटी म्हणजे कसल्यातरी गुन्ह्याची सजाच वाटे. पैठणची गोदा, जिची खाट माझ्या शेजारी होती, पहिल्या दिवशी घास गालात धरून मला म्हणाली, "माय, हे कालवण हाय का खीर?" भिंतीपलीकडे एक भटारखाना होता. शुक्रवारी दुपारी तिथून नान आणि मटणाच्या खलियाचा वास यायला लागला, की मिताहारावर व्याख्यान देणाऱ्या मोठ्या बाईंचंसुद्धा वाक्य मधेच तुटे. गल्लीत हिमरू विणणाऱ्यांचे माग दिवसभर खटखट करत. शाळेतली एकमेव नियमित गोष्ट तीच, आणि ती शाळेची नव्हती.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या पुण्याहून आल्या होत्या. येताना त्यांनी एक पेटी पुस्तकं, एक पेटी पातळं आणि जगातला उरलासुरला सगळा अंधार निजामाच्या राज्यातच आहे ही खात्री बरोबर आणली होती. स्वतःबद्दल लिहिताना त्या नेहमी 'आम्ही' लिहीत. 'आम्हांस असे आढळून आले आहे की मुली जिन्यात धावतात.' गोदाला बरेच दिवस वाटत होतं, की असल्या दोन-तीन मोठ्या बाई आहेत आणि बाकीच्या अजून पुण्याहून यायच्यात. लिहितात तसंच बोललं पाहिजे असा त्यांचा दंडक होता. 'इथं' म्हटलं की 'इथे' असं दहा वेळा म्हणायला लावत. आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी सरकारी कचेरीवरची 'महकमा-ए-तालीमात' ही पाटी कुणाकडून तरी वाचून घेतली आणि म्हणाल्या, "इकडे कुस्तीसाठी निराळे खाते आहे, आणि शिक्षणासाठी मात्र नाही!" इकडे तालीम म्हणजेच शिक्षण, असं त्यांना कुणीतरी भीत भीत सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "मग इकडच्यांनी तो शब्द दुरुस्त करून घ्यावा."

उर्दू शिकवायला उस्तानीबी होत्या. विधवा, हाडकुळ्या, तपकीर ओढणाऱ्या. पडद्याच्या टांग्यातून येत आणि पडद्याच्या टांग्यातून जात. आपले आजोबा दिल्लीहून आले होते असं त्या सांगत, आणि ते कालच संध्याकाळी येऊन उतरले असावेत अशा थाटात सांगत. आमच्या तोंडची दखनी त्यांच्या कानाला सोसत नसे. कुणी 'नक्को' म्हटलं की त्या डोळे मिटून घेत, जणू घरात कुणीतरी गेलंय. मोठ्या बाईंना आमचं मराठी उर्दू वाटे, उस्तानीबींना आमचं उर्दू मराठी. दोघींनी मिळून आम्हाला मुकं करून सोडलं असतं, पण मिळून काही करणं दोघींच्याही स्वभावात नव्हतं.

माझं मात्र उस्तानीबींवाचून चालणार नव्हतं. माझे वडील, आप्पा, कन्नडच्या तहसील कचेरीत पेशकार होते. दिवसभर साहेबासमोर उभं राहून उर्दू कागद वाचायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पाय चेपून घ्यायचे. त्यांच्याबरोबर राहून मला कचेरीचं उर्दू बोलायला यायचं, पण लिहिताना दाणादाण. उर्दूत 'ज'चा आवाज काढणारी अक्षरं इतकी, की देवानं एकच जीभ दिली असताना माणसांनी हा उद्योग कशाला केला, ते मला आजही कळत नाही. सरकारी मिडलच्या परीक्षेत उर्दूचा पेपर सक्तीचा होता. त्यात गेलं की सगळ्यात गेलं. आणि आप्पांनी मला बोर्डिंगात सोडताना सांगितलं होतं, "मिडल झालीस तर पुढं शीक, मी नाय म्हणणार नाय. नापास झालीस तर चाळीसगावचे पाहुणे वाट बघत्यात." पाहुण्यांचा मुलगा मी एकदा पाहिला होता. बशीतला चहा फुंकत त्यानं मला विचारलं, "चहा येतो का करायला?" मी "येतो" म्हणाले, आणि त्याचं पूर्ण समाधान झालं. इतक्या लवकर समाधान होणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढायचा, या विचारानं मला रात्री घाम फुटत असे. म्हणजे हिशेब सोपा होता. उस्तानीबी असल्या तर मिडल. नसल्या तर चहा.

भांडण झालं ते पाण्यावरून. शिक्षिकांच्या खोलीत एका कोनाड्यात पिण्याचा हंडा होता, आणि समोरच्या कोनाड्यात उस्तानीबींची मातीची सुरई. दोन्ही कोनाडे कित्येक वर्षं एकमेकांकडे तोंड करून सुखानं राहत होते. मोठ्या बाईंना ते खपेना. एका सकाळी प्रार्थनेत त्यांनी, आपण सर्व एकाच मातेची लेकरे आहोत, यावर डोळ्यांत पाणी आणून भाषण केलं आणि प्रार्थना संपल्यावर सुरई उचलून बाहेर व्हरांड्यात, जिथं आम्ही चपला काढायचो तिथं ठेवायला लावली. उस्तानीबी आल्या. टांग्यातून एक पाय खाली टाकला, सुरई पाहिली, पाय परत आत घेतला आणि पडदा सोडला. टांगा परत जाईल असं आम्हाला वाटलं. तो तिथंच उभा राहिला. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "मिडल की जमात किधर है? सबक़ निकालो।"

त्या दिवसापासून उर्दूचा वर्ग टांग्यात भरू लागला. उस्तानीबी आत, सुरई त्यांच्या मांडीशी, आणि आम्ही बाहेर उन्हात पाट्या घेऊन उभ्या. पडद्याच्या फटीतून पाटी आत जाई आणि चुकांवर फुल्या होऊन परत येई. घोडा शेजारीच ऐकत असे. कुणी चुकीचं वाचलं की तो नेमकी तेव्हाच मान झटके, आणि आमच्यापेक्षा तो लवकर तयार होईल अशी मला भीती वाटू लागली. मोठ्या बाई मर्दान्याच्या खिडकीतून हे बघत आणि खिडकी आपटत. दोघीही सुशिक्षित. दोघींनाही विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, की हा तत्त्वाचा प्रश्न आहे. मला आयुष्यात जे तत्त्वाचे प्रश्न दिसले त्यांतले बहुतेक एखाद्या भांड्याएवढे होते.

अशात शाळेच्या पाहणीला बेगमसाहेबा आल्या. सरकारतर्फे मुलींच्या शाळा तपासणं हे त्यांचं काम. त्या मोटारीतून उतरल्या त्या सरळ टांग्यासमोरच. दिवाणखान्यात स्वागतगीत म्हणायला उभ्या केलेल्या मुली तशाच राहिल्या.

"ये दर्स टांगे में क्यूँ हो रहा है?" बेगमनी विचारलं.

पडद्यातून उत्तर आलं, "हुज़ूर, जहाँ मेरा पानी, वहाँ मैं।"

मोठ्या बाई धावत आल्या. त्यांना उर्दू येत नव्हतं आणि येत नाही याचा अभिमान होता, म्हणून दुभाषी म्हणून मला पुढं ढकललं. "यांना सांग इंदू, संस्थेला काही नियम असतात." मी सांगितलं. पडद्याआडून उस्तानीबींनी सांगितलं, की घड्याला जात असते हे त्यांना इतक्या वयात प्रथमच कळतंय. तेही मी सांगितलं, जरा धुऊन. बेगम शहाण्या होत्या आणि त्यांची जेवणाची वेळ झाली होती. निवाडे चांगले होतात ते या दोन गोष्टी एकत्र आल्या की. त्या म्हणाल्या, "दोनों फ़रीक़ आज ही राज़ीनामा दाख़िल करें। बस, क़िस्सा ख़त्म।" आणि मोटारीत बसल्या.

मी मोठ्या बाईंना म्हणाले, "बेगमसाहेबा म्हणतात, दोघींनी आजच राजीनामा लिहून द्यायचा."

मोठ्या बाईंचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग त्यावर एक तेज चढलं. काय झालंय ते माझ्या ध्यानात आलं. इकडं आमच्याकडं राजीनामा म्हणजे समेट. कोर्टात वादी-प्रतिवादी दोघे राजी झाले, की दोघांच्या सह्यांनी कज्जा मिटल्याचा कागद देतात, तो राजीनामा. आप्पांनी असले ढिगानं लिहिले होते. नोकरी सोडायची तर इस्तीफा. पण पुण्यात राजीनामा दिला की माणूस घरी जातो.

"बाई," मी म्हणाले, "इकडं राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं नाय. भांडण मिटलं की दोन्हीकडचे सही करून देत्यात, त्याला राजीनामा म्हणतात."

"देतात," मोठ्या बाई म्हणाल्या. "देत्यात नव्हे."

"देतात. पण बाई..."

"राजीनामा या शब्दाचा अर्थ आम्ही आता तुझ्याकडून शिकावा, म्हणजे फारच झाले. जा, पाय धू."

त्या संध्याकाळी प्रार्थनेत त्यांनी तो कागद आम्हाला वाचून दाखवला. एकदा वाचून त्यांचंच समाधान झालं नाही, म्हणून दुसऱ्यांदा वाचला. त्यामुळे तो मला आजही पाठ आहे. 'आम्ही खाली सही करणार, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, लिहून देतो की...' अशी सुरुवात होती. पुढे अंधार होता, ज्योत होती, कृतघ्न वारा होता, आणि अगदी शेवटी 'या पदाचा आम्ही त्याग करीत आहोत' एवढंच एक कामाचं वाक्य होतं. लहान मुली रडल्या, कारण मोठ्या रडत होत्या. मोठ्या रडल्या, कारण मोठ्या बाई त्यांच्याकडे बघत होत्या. गोदा माझ्या कानात म्हणाली, "कामून रडायचं गं? जाणार हाय का ही?"

"ती म्हणते जाणार. तिला सांगितलंय भांडण मिटव म्हणून."

"मग रडू का नको?"

"थोडं रड," मी म्हणाले.

आम्हाला सगळ्यांना, आणि मोठ्या बाईंना सगळ्यांत जास्त, एक गोष्ट पक्की ठाऊक होती. संस्थेचे अध्यक्ष येतील, हात जोडतील, 'असं करू नका' म्हणतील, आणि मग मोठ्या बाई संस्थेच्या हितासाठी त्याग मागे घेतील. अध्यक्ष म्हणजे वकीलसाहेब. बेगमसाहेबांचा हुकूम कानावर जाऊन ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी आणि गोदा सज्जात जाळीला नाक लावून बसलो. खाली दिवाणखान्यात मोठ्या बाई पांढरं पातळ नेसून उभ्या होत्या.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "आम्ही राजीनामा देत आहोत."

"वाहवा!" वकीलसाहेबांनी पगडी काढून मांडीवर ठेवली. "काय सांगता! फार शहाणपणाचं केलंत, बाई."

मोठ्या बाईंनी कागद पुढं केला. "आपण नीट ऐकले ना? राजीनामा."

"ऐकलं की. उभा जन्म हेच करतोय मी. लोकांना समजावून समजावून घसा बसतो, तेव्हा कुठं एखादा देतो. इतक्या खुशीनं आपणहून देणारं माणूस मी प्रथमच बघतोय."

"आपण कारण विचारणार नाही?"

"कारण आता कशाला? राजीनामा झाला, कारण मिटलं."

"आणि संस्थेचे काय होईल, याची आपणांस काही..."

"संस्थेचं तर कल्याणच झालं! सगळ्यांना सुटल्यासारखं होईल बघा."

गोदानं पदराचा बोळा तोंडात घातला. वकीलसाहेबांनी कागद घेतला, पहिल्या दोन ओळींवरून नजर फिरवली. 'आम्ही खाली सही करणार, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता.' समेटाचा कागद असाच सुरू होतो. वकील तेवढंच वाचतात. घडी घालून ते म्हणाले, "आता यावर उस्तानीबींचीही सही घेतो. एकीच्या सहीनं राजीनामा होत नसतो."

"तिचीही?" मोठ्या बाईंनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थोडं सुख ऐकू आलं.

मी जिना उतरून धावले. दारात वकीलसाहेबांना गाठलं. "वकीलसाहेब, तो राजीनामा इकडचा नाय. पुण्याचा हाय."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कन्नडच्या पेशकाराची ना तू? हुशार हायेस." आणि ते आपल्या टांग्यात चढले.

उस्तानीबींना मराठी वाचता येत नव्हतं आणि येत नाही याचा त्यांनाही अभिमान होता. बेगमचा हुकूम आहे आणि मोठ्या बाईंनी आधी सही केलीय, एवढं ऐकून त्यांनी कागदाखाली वळणदार दस्तखत केलं. आपण जिंकलो असं त्यांना वाटलं असावं. अशा रीतीनं तो 'आम्ही', जो आजवर एकटीच्या ऐटीचा होता, तो खरोखरच दोघींचा झाला. कागद सरकारी कचेरीत गेला. तिथल्या, मराठी कागदांचा उर्दूत तर्जुमा करणाऱ्या कारकुनानं, त्या सबंध प्रकरणात फक्त त्यानं, तो शेवटपर्यंत वाचला असावा, कारण थोड्याच दिवसांत उत्तर आलं: दोन्ही उस्तान्यांचे इस्तीफे मंजूर. खाली बेगमसाहेबांचा शिक्का.

आता कुणालाही वाटेल, की एक चूक झाली, ती कळली, दुरुस्त झाली. ज्याला असं वाटतं त्यानं कधी संस्था पाहिलेली नाही. दुरुस्त करायची तर वकीलसाहेबांना सांगावं लागणार होतं, की आपण न वाचता कागद पुढं पाठवला. बेगमना सांगावं लागणार होतं, की आपण न वाचता शिक्का मारला. आणि मोठ्या बाईंना सांगावं लागणार होतं, की आपल्याला जायचंच नव्हतं. तिघांनी विचार केला, आणि तिघांनाही शाळेचं नुकसान त्यापेक्षा सोसण्यासारखं वाटलं. मोठ्या बाई हार घालून पुण्याला गेल्या. पुढं फार वर्षांनी मी पुण्यात एका सभागृहात बसले होते, तिथं एक गृहस्थ माझ्यासमोर सांगत होते, की निजामाच्या राज्यात अन्यायासमोर मान न तुकवता ज्यांनी पद भिरकावून दिलं अशा त्या तेजस्विनी. टाळ्या फार पडल्या. मला माजी विद्यार्थिनी म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणाले, बाईंचं शुद्धलेखन उत्तम होतं. त्यालाही टाळ्या पडल्या.

उस्तानीबींना बातमी सांगायचं काम वकीलसाहेबांनी माझ्यावर सोपवलं. माणसाला स्वतःची चूक सांगायला नेहमीच दुभाषी लागतो. शहागंजच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर; तेवढ्या एका दिवसापुरतं वकीलसाहेबांनी चाऊसाला माझ्याबरोबर धाडलं. मी सांगितलं. त्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच मिटली.

"क्या लिखा है उसमें? सुना।"

मी वाक्यावाक्याचं उर्दू करून सांगत गेले. "'आम्ही या अंधारात लावलेली ज्योत...'"

"मैंने कौन सी ज्योत लगाई?"

"'मानापमानाची पर्वा न करता...'"

"ये अच्छा है।"

मी रडकुंडीला आले होते. म्हणाले, तुम्ही बेगमना सांगा, काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं म्हणून. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी 'नक्को' म्हटलं. "मैं जाकर कहूँ कि बग़ैर पढ़े दस्तख़त कर दिए? उस्तानी होकर?"

"और मेरा इम्तिहान?" मी ओरडले.

"तेरा इम्तिहान वो मदरसे का दरवाज़ा लेने वाला है क्या? अस्र के बाद आ जा। रोज़।"

दुपारच्या नमाजानंतर रोज ये, असं सोपं सांगितलं त्यांनी. बोर्डिंगच्या मुलीला एकटीनं दाराबाहेर पडायची परवानगी नव्हती. वडिलांची लेखी विनंती हवी, तीही उर्दूत, कारण ती शिक्षणखात्याकडे जायची. आणि वडील तर मला घरी न्यायला निघालेच होते. वकीलसाहेबांकडून त्यांना कळलं होतं. ते सकाळच्या मोटारीनं आले आणि चाऊसाशेजारी उभे राहिले. "चल पोरी. शिकवणारीच नाय, तर परीक्षा कसली? पाहुण्यांचाही निरोप आलाय. ट्रंक कुठाय?"

ट्रंक मी त्यांच्या हातात दिली. मग म्हणाले, "आप्पा, मोटारीला वेळ आहे. एका ठिकाणी चला."

उस्तानीबींच्या दाराला तरटाचा पडदा होता. पेशकार आल्याचं मी आत सांगितलं. आप्पा ट्रंक खाली ठेवून पडद्यासमोर असे उभे राहिले जसे साहेबासमोर राहायचे, आणि कचेरीतलं लांबलचक अदबीचं उर्दू बोलू लागले. ते संपायच्या आधीच आतून आवाज आला, "क़ाफ़, पेशकार साहब। हलक़ से। आप काफ़ बोल रहे हैं।"

उर्दूत 'क' दोन, एक साधा आणि एक घशातून काढायचा; आप्पा दोन्हीकडे साधाच वापरत होते. मग आतून हुकूम झाला, की मुलीला रोज इथं पाठवायची विनंती आत्ता, इथंच लिहून द्या. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ट्रंक उचलतील. पण उभा जन्म हुकूम ऐकलेला माणूस. ते ओट्यावर बसले, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं आणि पडद्याखालून आत सरकवलं. कागद फुल्या होऊन बाहेर आला. त्यांनी दुसरा लिहिला. तोही बाहेर आला, फुल्या थोड्या कमी. आप्पांचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले, "हमारे काग़ज़ में तहसीलदार साहब ने आज तक ग़लती नहीं निकाली।"

"पढ़ते नहीं होंगे," पडदा म्हणाला. न वाचता सही करून नोकरी घालवलेली बाई ती. पण हे म्हणताना तिच्या आवाजात शरमेचा लवलेश नव्हता.

तिसरा कागद आतच राहिला.

आम्ही परत निघालो. शहागंजात आल्यावर आप्पांनी ट्रंक या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले, "लई बेकार बाई हाय."

"व्हय," मी म्हणाले.

"पाहुण्यांना काय सांगावं, ते बघतो मी." आणखी थोडं चालून म्हणाले, "हिच्या हाताखाली नापास होऊन दाखव बरं."

मी नापास झाले नाही. ते इथंच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. शाळेच्या दारात आप्पांनी ट्रंक चाऊसापुढं ठेवली आणि कन्नडच्या मोटारीकडं निघाले. त्यांच्या हातात तो दुसरा कागद होता, फुल्यांचा. चालता चालता ते तो वाचत होते, आणि वाचता वाचता थांबून, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, घशातून एक अक्षर काढून बघत होते.